कवचबंद सुगंधी तेलांची भुकटी तुरीतल्या भुंग्यावर खरोखर टिकते का?

मांजराकाठ

नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही बारा जणी मिळून बचत गट चालवतो. जानेवारीत आम्ही बीडीएन 711 वाणाची तूर आणि मार्चमध्ये हरभरा घेऊन ठेवतो. त्यातला मोठा भाग डाळ करून विकतो आणि थोडा पुढच्या पेरणीसाठी बियाणे म्हणून राखतो. साठवण पत्र्याच्या कोठ्यांत आणि बारदानाच्या पोत्यांत आहे, खोलीवरही पत्रेच आहेत.

विषारी वायूच्या गोळ्या वापरायच्या नाहीत असे आमच्या गटाने पहिल्यापासून ठरवले आहे, कारण साठवणीच्या खोलीची भिंत आमच्यातल्याच एकीच्या घराला लागून आहे आणि त्या भिंतीपलीकडे तिची लहान मुले झोपतात. म्हणून गेल्या वर्षी आम्ही निलगिरीचे आणि लवंगेचे तेल आणले, कापसाच्या बोळ्यांवर घातले आणि बोळे फडक्यात बांधून जानेवारीअखेर कोठ्यांत ठेवले. पहिले पंधरा दिवस झाकण उघडले की डोळ्यांत पाणी यावे इतका वास होता आणि चाळून पाहिले की मेलेले भुंगे मिळत होते. होळीपर्यंत निलगिरीचा वास पुरता गेला. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास डाळ भरडायला तूर काढली तेव्हा दाण्यादाण्यावर गोल भोके होती, मूठ उघडली की बोटांच्या पेरांवर पांढरट भुगा राहत होता, आणि कोठीच्या वरच्या थरात भुंगे इतके होते की कान लावल्यावर त्यांची सळसळ ऐकू येत होती. एका कोठीतली चार क्विंटल तूर आम्हाला जनावरांना घालावी लागली.

आता एक विक्रेता लवंग आणि लसूण यांच्या तेलाची ‘नॅनो’ भुकटी घेऊन आला आहे. तेल सूक्ष्म कवचात बंद केले आहे, ते सहा महिने हळूहळू सुटते, भुकटी धान्यात मिसळली तरी खायला चालते, असे तो सांगतो. पाकिटावर कोठेही नोंदणी क्रमांक नाही. तेल कवचात बंद करतात म्हणजे काय करतात, ते एवढे टिकणे शक्य आहे का, बियाण्याच्या उगवणीवर परिणाम होतो का, आणि अशी भुकटी आम्हाला गटात तयार करता येईल का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

सोंडकिडा

ताई, मी काही वर्षे साठवणीतल्या किडींवर प्रयोगशाळेत काम केले आहे. तुमच्या कोठीत जे घडले ते या विषयातल्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगात घडते, म्हणून आधी त्याचेच कारण सांगतो.

निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक सिनिओल हा फार लवकर उडतो. लवंगेतला युजेनॉल त्या मानाने जड आहे. सिनिओल 176 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो, तर युजेनॉलला सुमारे 254 अंश लागतात. त्यामुळे निलगिरीचे तेल धुरीसारखे हवेतून काम करते आणि संपते, तर लवंगेचे तेल बरेचसे अंगाला लागल्यावर काम करते, आणि बोळ्यात बांधलेले तेल भुंग्याच्या अंगाला लागतच नाही. किड्याच्या शरीरात ही द्रव्ये श्वासछिद्रांतून किंवा कातडीतून शिरतात आणि त्याच्या मज्जासंस्थेत बिघाड करतात. कीटकांमध्ये ऑक्टोपामिन नावाचे एक संदेशवाहक द्रव्य महत्त्वाचे काम करते, आणि युजेनॉलसारखी द्रव्ये त्याच्या ग्राहींवर, म्हणजे तो संदेश पकडणाऱ्या पेशींवरच्या जागांवर, परिणाम करतात असे दिसून आले आहे. आपल्या शरीरात ऑक्टोपामिनला तसे स्थान नाही. ही तेले माणसाला तुलनेने सौम्य ठरतात त्याचे हे एक कारण मानले जाते.

दुसरी अडचण धान्याचीच आहे. रिकाम्या बरणीत जेवढ्या तेलाने सगळे भुंगे मरतात तेवढेच तेल धान्याने भरलेल्या बरणीत घातले तर ते फार कमी पडते, कारण दाण्यांचा पृष्ठभाग आणि दाण्यांतले स्निग्ध पदार्थ ती वाफ शोषून घेतात. बरेचसे उत्साहवर्धक आकडे रिकाम्या बरणीतले असतात, हे अशा जाहिराती वाचताना ध्यानात ठेवावे.

आता कवचाविषयी. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब दुसऱ्या एखाद्या पदार्थात अडकवायचे आणि त्यातून ते सावकाश बाहेर येऊ द्यायचे, एवढीच मूळ कल्पना आहे. काही कण करंजीसारखे असतात, म्हणजे बाहेर पारी आणि आत सारण. काही चिक्कीसारखे असतात, म्हणजे गुळात दाणे विखुरलेले असावेत तसे तेल संपूर्ण कणात पसरलेले असते. कवचासाठी डिंक, माल्टोडेक्स्ट्रिन, जिलेटिन, कायटोसान, पॉलिएथिलीन ग्लायकॉल (मेणासारखे एक कृत्रिम द्रव्य) असे पदार्थ वापरतात. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन हा प्रकार थोडा निराळा आहे. ग्लुकोजच्या सात घटकांचे ते कडे असते, कड्याच्या पोकळीत तेलाचा रेणू बसतो आणि हवेतला ओलावा वाढला की तो सुटू लागतो.

हे टिकते का, याचे सर्वांत जास्त उद्धृत होणारे उत्तर 2009 मधले आहे. चीनमधल्या संशोधकांनी लसणाचे सुगंधी तेल पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या 240 नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लहान कणांत बंद केले आणि पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यावर ते वापरून पाहिले. पाच महिन्यांनंतरही त्या कणांची परिणामकारकता 80 टक्क्यांहून अधिक राहिली. तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे किलोमागे 640 मिलिग्रॅम, मोकळे तेल वापरले तेव्हा ती 11 टक्केच उरली होती. तेव्हा विक्रेत्याचे म्हणणे अशक्य कोटीतले आहे असे मी म्हणणार नाही. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातही कायटोसानमध्ये सुगंधी तेले बंद करून साठवणीतली बुरशी, तिच्यापासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष आणि किडी यांवर बरेच काम झाले आहे.

मात्र यात एक मोठी मेख आहे. पिठातला तांबडा भुंगेरा अंड्यापासून शेवटपर्यंत पिठात किंवा भरडलेल्या धान्यात उघड्यावर जगतो. त्याची अळीसुद्धा भुकटीतून फिरते. तुमच्या तुरीतला भुंगा तसा नाही. त्याची मादी दाण्याच्या सालीवर एकेक अंडे चिकटवते. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते, बाहेरच्या हवेत ती कधी येतच नाही. दाण्याच्या आत ती वाढते, सालीचा एक पातळ पापुद्रा शिल्लक ठेवून गोल खिडकी तयार करते, आणि 30 अंशांच्या आसपास साधारण 25 ते 30 दिवसांनी पूर्ण वाढलेला भुंगा ती खिडकी ढकलून बाहेर पडतो. बाहेर आल्यावर तो दाणा खात नाही. दहा-बारा दिवस जगतो, आणि मादी एका दिवसाच्या आत अंडी घालू लागते. म्हणजे भुकटीला काम करायला दोनच जागा मिळतात, सालीवरचे अंडे आणि सालीवर चालणारा भुंगा.

दाण्यातल्या अळीपर्यंत या तेलांची वाफ पुरेशी पोहोचत नाही. तुम्ही टाळलेल्या गोळ्यांतून निघणाऱ्या फॉस्फिन वायूचा रेणुभार 34 आहे, म्हणून तो दाण्याच्या आत सहज झिरपतो. सिनिओलचा 154 आहे, युजेनॉलचा 164. तेल कवचात घातल्याने हा फरक नाहीसा होत नाही. कवचाने वेळ मिळतो, आणि वेळेचा उपयोग असा की आतली अळी महिन्याने भुंगा होऊन बाहेर येईल तेव्हा सालीवर तेल हजर असते. तुमच्या बोळ्यांतले तेल नेमके याच दिवसापर्यंत टिकले नाही.

गोदामावरचा

मी वीस वर्षे धान्याच्या गोदामात काम केले. वरचे उत्तर शास्त्राच्या बाजूने पूर्ण आहे, त्याला गोदामातल्या दोन गोष्टींची जोड देतो.

पहिली गोष्ट पत्र्याच्या खोलीची. असे प्रयोग बहुधा 25 ते 30 अंशांच्या कपाटात होतात. लातूरला एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याखाली दुपारी त्याहून बरीच जास्त उष्णता असते. अशा कामासाठी वापरले जाणारे पॉलिएथिलीन ग्लायकॉल 6000 साठ अंशांच्या जवळपास वितळते, आणि त्याच्या अलीकडच्या तापमानालाही तेल लवकर सुटू लागते. प्रयोगशाळेतले पाच महिने पत्र्याच्या खोलीत किती उरतील, हे त्या खोलीत ठेवूनच कळेल. पाकिटावर किती तापमानाला किती दिवस, हे लिहिलेले नसेल तर सहा महिन्यांच्या दाव्यावर पैसे घालू नयेत.

दुसरी गोष्ट नोंदणीची. कीड मारण्यासाठी म्हणून जे काही विकले जाते त्याला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय नोंदणी लागते. ते वनस्पतीपासून काढले आहे म्हणून सूट मिळत नाही. कडुलिंबापासून केलेली कीटकनाशकेही नोंदणी करूनच विकली जातात. अमेरिकेत लवंग, पुदिना, लसूण, गवती चहाच्या जातीतली सिट्रोनेला अशा काही तेलांना 1996 पासून किमान जोखमीची म्हणून नोंदणीतून वगळले आहे, आणि इथले विक्रेते त्याचा दाखला आपल्यालाही लागू असल्यासारखा देतात. आपल्याकडे तो लागू नाही. शेतीत वापरायच्या नॅनो उत्पादनांचे मूल्यमापन कसे करावे याची मार्गदर्शक तत्त्वे भारत सरकारने 2020 मध्ये प्रसिद्ध केली आहेत, म्हणजे ‘नॅनो’ हा शब्द छापला की त्या उत्पादनाची तपासणी वाढते. नोंदणी क्रमांक नसलेली भुकटी तुम्ही विकायच्या डाळीत मिसळलीत तर उद्या प्रश्न विक्रेत्याला न विचारता तुमच्या गटाला विचारला जाईल.

गोळ्या घरालगत न वापरण्याचा तुमचा निर्णय मला शंभर टक्के पटतो. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची तीन ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याने एक ग्रॅम फॉस्फिन सोडते, त्यावर उतारा नाही, आणि तो वायू भिंतीच्या भेगेतून पलीकडे जातो. ती गोळी सरकारी यंत्रणा आणि मान्यताप्राप्त धुरी देणारे यांनीच वापरायची आहे. कृषी केंद्रातून सुट्या गोळ्या घरी आणणे हा नियमाचा भंग आहे आणि जिवाशी खेळही आहे. शिवाय अर्धवट बंद कोठीत गोळी ठेवली की कमी वायूत काही किडी तगतात आणि त्यांची पुढची पिढी सोशीक होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने 1972-73 मध्ये केलेल्या पाहणीतच अशी प्रतिकारशक्ती अनेक देशांत आढळली होती, आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. धुरीसाठी वापरला जाणारा दुसरा वायू, मिथिल ब्रोमाइड, ओझोनच्या थरासाठी घातक म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली बंद झाला. विकसनशील देशांसाठी 2015 ही मुदत होती, आणि आता तो वायू आयात-निर्यातीच्या विलगीकरणापुरताच राहिला आहे. सुगंधी तेलांवर एवढे संशोधन होण्यामागे हे कारण आहे, म्हणून हा विषय मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही.

पेव-बळद

ताई, मी सत्तरीची आहे आणि माझे माहेर बार्शीकडचे. आमच्या घरात ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात, जायची आणि तूर, मूग, हरभरा मातीच्या बळदात. तुरीला आमच्या आजी एरंडेल चोळत असत. परातीत पायलीभर तूर घ्यायची, चमचाभर एरंडेल तळहातावर घेऊन दोन्ही हातांनी दाण्यांना चोळायचे, दाण्याला नुसती चमक आली पाहिजे, तेल ठिबकता कामा नये. मग सुकवलेला कडुलिंबाचा पाला एक थर, तूर एक थर. वरून चार बोटे चाळलेली राख. पाला ओला राहिला तर तूर बुरसते, म्हणून तो सावलीत चुरचुरीत वाळवून घ्यायचा.

मला विचारायचे आहे ते असे की, एरंडेल आणि कडुलिंबाचे तेल ही या सुगंधी तेलांच्याच जातीची आहेत का? आणि वेखंडही ठेवत असत, ते या भुकटीत का घालत नाहीत?

सोंडकिडा

आजी, तुम्ही फार मोलाचा प्रश्न विचारला आहे, कारण बाजारात या दोन्हींची सर्रास सरमिसळ केली जाते.

एरंडेल, करडई, शेंगदाणा, कडुलिंब यांची तेले ही स्थिर तेले आहेत. कागदावर थेंब टाकला तर त्याचा डाग राहतो. सुगंधी तेलाचा थेंब बहुतेक उडून जातो. एरंडेल भुंग्याला वासाने मारत नाही. ते सालीवर पातळ थर धरते, अंडे नीट चिकटू देत नाही, आणि चिकटलेल्या अंड्याचे श्वसन रोखून त्यातला जीव गुदमरवते. कडधान्याच्या बियाण्याला किलोमागे 5 ते 10 मिलिलीटर खाद्यतेल चोळण्याची शिफारस याच कारणाने होत आली आहे. आजींनी सांगितलेल्या चमकेमागेही तेच तत्त्व आहे. कडुलिंबातले अ‍ॅझाडिरॅक्टिन अळीची वाढ आणि कात टाकणे बिघडवते, त्याचाही वासाशी संबंध नाही, आणि उन्हात ते लवकर निकामी होते. म्हणून पाला सावलीत वाळवायची पद्धत योग्यच आहे.

वेखंडाबाबत मात्र सावध राहावे. त्यातले बीटा-असॅरोन किडींचे प्रजनन थांबवते हे खरे, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आहे आणि अमेरिकेत 1968 पासून ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. आपल्याकडच्या वेखंडात त्याचे प्रमाण जास्त असते. वेखंडाचा तुकडा पूर्वी कोठीत असायचा आणि दळताना काढून टाकला जायचा. तेच द्रव्य कवचबंद करून दाण्यांवर सहा महिने चिकटवून ठेवणे ही वेगळीच गोष्ट होईल. वनस्पतीचे आहे म्हणून निर्धोक आहे, हे गृहीत धरता येत नाही.

ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि भीमसेनी कापूर एकत्र ठेवले की तिन्ही स्फटिक आपोआप पातळ होतात, ते घरातले औषध आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यातले ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल. साठवणीच्या किडींवर ज्या घटकांचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे त्यांत ते येते. आपल्या स्वयंपाकघराच्या फडताळात या संशोधनाचा निम्मा कच्चा माल असतो, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वरील माहितीवरून मी गटात बसून एक हिशेब केला, तो बरोबर आहे का ते कृपया पाहावे. किलोमागे 640 मिलिग्रॅम तेल म्हणजे क्विंटलमागे 64 ग्रॅम. भुकटीत तेल एक दशांश धरले तर क्विंटलभर तुरीत जवळजवळ 640 ग्रॅम भुकटी मिसळावी लागेल. आम्ही तीस क्विंटल तूर ठेवतो, म्हणजे एकोणीस किलो भुकटी झाली. विक्रेता क्विंटलला 50 ग्रॅम पुरेल असे सांगतो. यात काहीतरी जुळत नाही.

आणखी दोन शंका आहेत. डाळीला लवंगेचा किंवा लसणाचा वास राहिला तर आमचे गिऱ्हाईक डाळ परत करील. आणि आमचे बरेच गिऱ्हाईक माळकरी आहे. हे कवच कशाचे असते हे आम्हाला त्यांना सांगता आले पाहिजे.

सोंडकिडा

तुमचा हिशेब बरोबर आहे, आणि तो प्रत्येक खरेदीदाराने करावा असा आहे. 50 ग्रॅम भुकटीत एक दशांश तेल असेल तर ते 5 ग्रॅम झाले, म्हणजे त्या प्रयोगातल्या प्रमाणाच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी. कणांत तेल अधिक भरले असेल किंवा तेलाचा प्रकार जास्त प्रखर असेल तर काही फरक पडू शकतो, पण मग भुकटीत तेल किती टक्के आहे हे विक्रेत्याने लिहून द्यायला हवे.

कवचाविषयीची तुमची शंका मला फार महत्त्वाची वाटते, आणि संशोधनाच्या लेखांत ती क्वचितच येते. कायटोसान बहुतांशी कोळंबी आणि खेकड्यांच्या टरफलांतल्या कायटिनपासून करतात. बुरशीपासून केलेले कायटोसानही मिळते, पण ते महाग असते. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून येते. डिंक, माल्टोडेक्स्ट्रिन आणि सायक्लोडेक्स्ट्रिन वनस्पतिजन्य आहेत. शेवटचे दोन स्टार्चपासून तयार होतात. माळकरी गिऱ्हाइकासाठी आणि कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी हा तपशील पाकिटावर असणे आवश्यक आहे.

वासाचे म्हणाल तर, कवच जितके चांगले तितका वास जास्त दिवस धान्यात राहणार, कारण तेल टिकवणे हेच त्याचे काम आहे. तूर भरडताना साल निघून जाते आणि तिच्याबरोबर बरीच भुकटीही जाते, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. पण गव्हाच्या पिठात किंवा तांदळात ही सोय नाही. म्हणूनच या भुकटीची खरी जागा मला खाण्याच्या धान्यापेक्षा बियाण्यात दिसते. बियाणे थोडे असते, महाग असते, वासाने बिघडत नाही, आणि गोळीने धुरी देण्याइतका त्याचा साठाही नसतो.

मात्र बियाण्यात उगवणीची परीक्षा आधी करावी. यातली काही तेले तण उगवू नये म्हणूनही अभ्यासली गेली आहेत, म्हणजे ती अंकुराला मारक ठरू शकतात. प्रमाणित तुरीच्या बियाण्याची उगवण किमान 75 टक्के आणि ओलावा कमाल 9 टक्के असावा लागतो. ओल्या गोणपाटाच्या गुंडाळीत शंभर दाणे भुकटी लावलेले आणि शंभर न लावलेले ठेवून सहा दिवसांनी मोजलेत तरी बरेच कळेल.

गटात तयार करण्याचा विचार सध्या सोडून द्यावा. डिंकाच्या पाण्यात तेल घोटून उन्हात वाळवले तर वाळता वाळताच बरेच तेल उडते. कारखान्यात ते गरम हवेत फवारून क्षणार्धात सुकवतात आणि त्या यंत्राची किंमत तुमच्या गटाच्या आवाक्यातली नाही.

गोदामावरचा

वरील सर्व खरे असले तरी येत्या जानेवारीत काय करायचे, हा ताईंचा प्रश्न उरतोच, म्हणून लिहितो. तुरीत भुंगा बहुधा शेतातूनच येतो. पिकत आलेल्या शेंगांवर अंडी घातली जातात आणि तूर कोठीत येते तेव्हा अळी आधीच दाण्यात बसलेली असते. ती आत असताना बाहेरून कोणतीही भुकटी लावणे म्हणजे चोर घरात घेऊन कडी लावण्यासारखे आहे. म्हणून आधी उन्हाचा उपयोग करावा. खाली काळे प्लास्टिक, त्यावर तुरीचा दोन बोटे थर, वर पारदर्शक प्लास्टिक, आणि कडा मातीने दाबलेल्या. भर उन्हात आतले तापमान साठीपर्यंत चढते, आणि 57 अंश तापमान तासभर टिकले तर चवळीतल्या भुंग्याच्या सर्व अवस्था मरतात असे दिसून आले आहे. तो तुरीतल्या भुंग्याचा सख्खा भाऊच आहे. बियाण्याची तूर आधी चांगली वाळलेली असली पाहिजे, आणि नंतर ती सावलीत गार करूनच भरावी. गरम भरली तर कोठीच्या पत्र्याला आतून घाम सुटतो.

त्यानंतर हवाबंद पिशव्या. आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेली गोणी, अशी ही रचना पर्ड्यू विद्यापीठाने कॅमेरूनमधल्या चवळीसाठी 1980 च्या दशकाअखेर बसवली आणि पुढे आफ्रिकेत व आशियात ती पसरली. आतले किडे श्वास घेऊन प्राणवायू संपवतात. प्राणवायू कमी झाला की ते खाणे थांबवतात, आणि खाणे थांबले की त्यांच्या शरीरात पाणी तयार होत नाही, म्हणून ते कोरडे पडून मरतात. यात औषध नाही, वास नाही, नोंदणीचा प्रश्न नाही. तोंड नीट पिळून दुमडून बांधावे आणि उंदरांपासून सांभाळावे, कारण एका भोकाने सगळे वाया जाते. जुनी बारदाने उकळत्या पाण्यातून काढून वाळवावीत. त्यांच्या शिवणीत गेल्या वर्षीचे भुंगे असतात.

मांजराकाठ

आमचे ठरले ते असे. खाण्याची तूर ऊन देऊन हवाबंद पिशव्यांत जाईल. भुकटीचे विक्रेत्याकडून एकच पाकीट घेऊ, आणि ती आम्ही विकण्याच्या मालात मुळीच वापरणार नाही. वीस किलो बियाण्यावर प्रयोग करू: पाच किलोला भुकटी, पाच किलोला एरंडेल, पाच किलो हवाबंद, पाच किलो तसेच. महिन्यातून एकदा प्रत्येकातले शंभर दाणे मोजू. गोल भोके दिसतात, पण अंडी डोळ्यांना नीट कळत नाहीत. अंडे जिवंत आहे की मेलेले, हे साध्या नजरेने ओळखता येते का?

सोंडकिडा

आराखडा चांगला आहे. त्यात एक पाचवा वाटा घालावा: विक्रेत्याकडून तेल न भरलेली नुसत्या कवचाची भुकटी मागावी, कारण काही बारीक भुकट्या किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून किंवा खरवडून त्याला वाळवून मारतात, राखही काही अंशी तेच करते. नुसत्या कवचाने तेवढेच भुंगे मेले तर तेलाचे पैसे देण्याचे कारण उरत नाही.

अंड्यांसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि दाणा तिरप्या उजेडात धरावा. ताजे अंडे तुरीच्या सालीवर पाण्याच्या चपट्या थेंबासारखे, जवळजवळ पारदर्शक दिसते. चार ते सहा दिवसांत अळी तळातून दाण्यात शिरते आणि पोखरताना निघालेला भुगा मागच्या टरफलात भरत जाते, त्यामुळे ते अंडे दुधासारखे पांढरे दिसू लागते. म्हणजे पांढरे अंडे हे आत गेलेल्या अळीचे चिन्ह आहे. दहा दिवसांनंतरही जे पारदर्शक राहिले किंवा चपटे होऊन सुरकुतले ते मेलेले समजावे. प्रत्येक वाट्यातली पांढरी आणि पारदर्शक अंडी वेगवेगळी मोजून वहीत लिहा, आणि मार्चअखेर ते आकडे इथे जरूर टाका.